अर्ध्यावरचं निशाण

स्कोर्गे, ग्रोडाल
१९ जुलै १९८१

हालवार ब्रेक्के यांस,

पिशवीच्या आतल्या बाजूला नाव-पत्ता लिहून ठेवायची अक्कल तुला होती, म्हणून हे पत्र पोचतंय. पिशवी माझ्या कोठारात आहे. ती टपालाने येणार नाही, न्यायला तुलाच यावं लागेल.

काल संध्याकाळी मी दूध काढून गोठ्यातून बाहेर येत होते. ग्रोवेगेन कड्याच्या माथ्यावरून काहीतरी काळं सुटलं. आमच्याकडे कड्यावरून दगड सुटतात, बर्फ वितळताना तर ते रोजचंच असतं, म्हणून मी फारसं लक्ष दिलं नाही. मग त्या दगडाला हातपाय फुटले. बादली माझ्या हातून कधी सुटली ते कळलंच नाही. पुढे निळं कापड उघडलं, मागोमाग दुसरं उघडलं, आणि तुम्ही दोघं माझ्या कुरणात उतरून, माझ्याकडे बघून हात हलवून, गुंडाळागुंडाळ करून, पिशवी तिथेच टाकून पळालात.

ते गवत कापणीला आलं होतं. तुम्ही ते असं लोळवून ठेवलंय की विळा खाली शिरत नाही. पण मी चिडले ते गवतासाठी नाही. माझा भाऊ ओडमुंड, नदीपलीकडे राहतो, तो या खोऱ्याच्या बचाव पथकाचा म्होरक्या आहे. गिर्यारोहक अडकले, पडले की हीच माणसं वर चढतात. त्या कड्यावरून त्याने आजवर किती जणांना खाली आणलं आणि त्यातले किती श्वास घेत होते, हे त्याला विचारायची सोय नाही. काल मला वाटलं, माझ्या डोळ्यांदेखत दोन माणसं मेली. मग ती मेलेली माणसं हात हलवायला लागली.

ओडमुंड म्हणतो, पोलिसांना कळवू. मी म्हटलं, आधी गवत उभं करून घेऊ.

बोर्गहिल्ड स्कोर्गे


ट्रॉनहाइम
२५ जुलै १९८१

आदरणीय बोर्गहिल्डबाई,

तुमचं पत्र मी मेरेतेला वाचून दाखवलं. दुसरी निळी हवाई छत्री तिची होती. वाचून झाल्यावर तिने ते माझ्या हातून घेऊन पुन्हा स्वतः वाचलं. तुमची बादली सांडली याची आम्हाला खरंच लाज वाटते.

आम्ही पळालो ते भीतीने. उडी मारायची भीती वेगळी आणि शेतमालकिणीची वेगळी, आणि दुसरी मोठी. विमानातून उड्या मारणारे देशात पुष्कळ आहेत. कड्यावरून मारणारे आम्ही बोटांवर मोजण्याइतके, आणि विमानवाले क्लबसुद्धा आता आम्हाला दारात उभं करत नाहीत. कोणी शिकवणारं नाही. आम्हीच एकमेकांना विचारतो आणि कोणालाच नीट माहीत नसतं.

तुमचं कुरण निवडलं कारण खोऱ्यात दुसरी जागाच नाही. बाकी सगळीकडे दगड, नदी नाहीतर विजेच्या तारा. आधी विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हटलं असतं, म्हणून विचारलं नाही. हे कारण लिहून काढल्यावर फारच वाईट दिसतंय.

मी दातांच्या कवळ्या बनवतो. शेतीचं काम केलेलं नाही, पण हात बारीक कामाला सरावलेले आहेत. येत्या शनिवारी आम्ही दोघं येतो. गवत उभं करता येत नसेल तर कापून देऊ, वाळत घालू, सांगाल ते करू. पोलिसांना बोलवायचंच असेल तर संध्याकाळी बोलवा, म्हणजे काम अर्धवट राहणार नाही.

आपला,
हालवार ब्रेक्के


स्कोर्गे
२० ऑगस्ट १९८१

हालवार,

तू गवत कापत नाहीस, गवताचा भांग पाडतोस. मेरेतेचा हात मात्र चांगला आहे. तिला सांग, पुढच्या वर्षीचं आमंत्रण आहे. तुला फक्त तारांवर गवत वाळत घालायला ठेवू.

तुम्ही गेल्यावर ओडमुंड पुन्हा येऊन तुम्ही घातलेलं गवत बघून गेला. काही बोलला नाही. न बोलणं हे त्याच्याकडचं कौतुक असतं, पण तू त्यावर जाऊ नकोस. उड्यांचं नाव काढलं की तो उठून जातो. त्याचं म्हणणं सरळ आहे. गिर्यारोहक पडला तर त्याला पडायचं नव्हतं. तुम्ही लोक मुद्दाम पडता, आणि मग तुम्हाला आणायला ज्यांची बायकापोरं घरी वाट बघतात त्यांनी वर चढायचं. त्यात खोट काढता आली तर मला कळव, मला काढता आली नाही.

तरीही कुरण वापरा. गवत निघाल्यावर, रविवारी चर्चच्या वेळेत नाही, आणि आधी दारात येऊन सांगून. मी का हो म्हणते आहे ते मला नीट सांगता येणार नाही. त्या संध्याकाळी कॉफी पिताना तू सांगत होतास की कडा सुटतो त्या क्षणी आवाज बंद होतो. माझा नवरा सिगुर्ड मासेमारीला जायचा. समुद्राबद्दल तो अशाच तोंडाने बोलायचा, आणि मी त्याला कधी थांबवलं नाही. तो घरात, स्वतःच्या अंथरुणात गेला, हे तुला सांगून ठेवते, नाहीतर भलतंच समजशील.

बोर्गहिल्ड


ट्रॉनहाइम
८ फेब्रुवारी १९८२

बोर्गहिल्डमावशी,

इथे अंधार, चिखल आणि कवळ्या. एका म्हाताऱ्या कप्तानाची कवळी चौथ्यांदा परत आलीय, म्हणे शिट्टी वाजते. ओडमुंडची कवळी बोलताना खटखटते हे मी कॉफीच्या वेळी ऐकलं होतं. मी ती सुखाने बसवून देईन, पण हे त्यांना सांगायची माझी छाती नाही.

एक मागणं आहे. आमची अडचण वाऱ्याची आहे. कड्याच्या माथ्यावर सगळं स्तब्ध असतं, कानाशी माशी ऐकू येईल इतकं. पण ऊन असलं की फ्योर्डच्या पाण्याकडून वारा खोऱ्यात शिरतो आणि खाली वेगळाच कारभार चालू असतो. वरून तो दिसत नाही. छत्री उघडल्यावर तोच वारा माणसाला फिरवून परत कड्याकडे ढकलतो. आमच्या धंद्यात माणूस पडून मरत नाही, कड्यावर आपटून मरतो.

तुमच्या कोठाराजवळच्या निशाणाच्या काठीवर लांब पताका असते. वरून ती काडीएवढी दिसते, पण दिसते. आडवी असली की वारा, लोंबत असली की शांत. आम्ही येणार असू त्या दिवशी ती नक्की लावून ठेवाल का?

मावशी म्हटलं ते चाललं नाही तर पुढच्या पत्रात सांगा, परत बाई म्हणेन.

हालवार


स्कोर्गे
२ मार्च १९८२

हालवार,

कोणाला विचारून मावशी म्हणतोस? असो, लिहून झालंय तर राहू दे.

पताका मी रोजच लावते. घरात माणूस आहे, एवढं शेजाऱ्यांना कळावं म्हणून. काठी सिगुर्डने कोठाराला लागून उभी केली. हिवाळ्यात बर्फातून फार चालावं लागू नये, ओसरीतून दोन पावलांवर दोरी हाती यावी, हा त्याचा हिशोब. टोक छपराच्या बरंच वर आहे, त्यामुळे वारा नीट लागतो. तुमच्यासाठी वेगळं काही करायला नको.

तुझं वाऱ्याचं मी दोनदा वाचलं. आता पताका वर चढवताना मला तो आठवणार. पूर्वी नुसती दोरी ओढायचे.

कवळीचं मी ओडमुंडला सांगितलं. तो म्हणाला, ज्याला स्वतःचे दात शाबूत ठेवायची फिकीर नाही त्याच्याकडून मी दात घेणार नाही. म्हणजे विचार करतोय.

बोर्गहिल्ड


ट्रॉनहाइम
२८ जुलै १९८२

बोर्गहिल्डमावशी,

घरी पोचलो. तुमच्या आंबट सायीच्या लापशीने गाडीत झोप येत होती, मेरेतेने चिमटे काढून जागं ठेवलं.

तुम्हाला तोंडावर सांगितलं नाही, ते लिहितो. पहिल्या संध्याकाळी आम्ही वर पोचलो तेव्हा पताका आडवी होती. बसून राहिलो. मेरेते म्हणाली, चालेल, थोडाच आहे. मी नाही म्हटलं. मग सूर्य डोंगराआड गेला आणि पताका हळूहळू खाली आली, दमलेल्या माणसाने हात सोडावा तशी. मग आम्ही उडी घेतली. आता तुमची पताका बघितल्याशिवाय मी काठावर पाऊलही ठेवत नाही. दुसऱ्या कशावर माझा इतका विश्वास नाही, स्वतः छत्रीच्या घड्या घालण्यावर तर नाहीच.

एकवीस ऑगस्टला मी तिशी गाठतो. तो दिवस तिकडे घालवावा असं मनात आहे. चालेल का?

हालवार


स्कोर्गे
१० ऑगस्ट १९८२

हालवार,

चालेल म्हणजे काय. सायीचा केक करते. सकाळी आधी दारात ये, कॉफी पी, मग तुमचं काय ते करा.

आणि त्या दिवशी मी पताका उतरवून देशाचं मोठं लाल निशाण चढवणार आहे. घरच्या माणसाचा वाढदिवस असला की चढवतात, हे तुला सांगायला नको. सिगुर्ड गेल्यापासून माझ्या घरात वाढदिवसाचं माणूस उरलं नव्हतं, निशाण पेटीत पडून आहे. काल काढून बघितलं. एका कोपऱ्याला कसर लागलीय, शिवून घेतलं.

शेजारचा एम्ब्रिक फार आजारी आहे. तुला आठवेल, तुम्हाला बघून कुंपणाशी उभा राहून शिव्या देणारा. तुम्ही येणार असलात की सकाळपासून खुर्ची टाकून तिथेच बसायचा. काल मला विचारत होता, ती येडी पोरं कधी येणार.

मावशी


स्कोर्गे
२ सप्टेंबर १९८२

हालवार,

हॉस्पिटलमधून रोज फोनवर सांगतात, ठीक आहे. ठीक म्हणजे काय ते सांगत नाहीत. मेरेते म्हणाली, मांडीचं हाड आणि कंबर, पण चालशील. ती रडत नव्हती म्हणून मी विश्वास ठेवला.

इकडचं तुला सांगते, कारण तुला कळलं नसणार. एम्ब्रिक सोळा तारखेला गेला. दफन एकवीसला ठरलं. तुझ्या घरी मी दोनदा फोन केला, पण तुम्ही आदल्या दिवशीच निघाला होतात. म्हटलं, दारात येशीलच, तेव्हा सांगू. वाट बघून मी चर्चला गेले. सगळं खोरं चर्चमध्ये होतं. मेरेते टेकडी उतरून, धावत, चर्चच्या दारात येऊन उभी राहिली तेव्हा पाद्री बोलत होता. ओडमुंड मागे न बघता उठला. त्याच्यामागे पथकातले सगळे उठले. शवपेटी तिथेच ठेवून, काळे कोट आणि पांढरे शर्ट घालून ती माणसं तुझ्याकडे वर चढली. एम्ब्रिकच्या बायकोनेच त्यांना हाताने जा म्हणून सांगितलं. एम्ब्रिकला मग संध्याकाळी पोचवलं.

मला एकच विचारायचं आहे. तुम्ही आधी दारात का आला नाहीत, आणि उडी घेण्याआधी तू काठीकडे बघितलंस का?

मावशी


ट्रॉनहाइम, हॉस्पिटल
१५ सप्टेंबर १९८२

बोर्गहिल्डमावशी,

दारात आलो नाही हा मूर्खपणा. ठरवलं होतं की मागच्या वाटेने वर जायचं आणि कॉफीला आकाशातून यायचं. वाढदिवसाच्या माणसाला वाटतं, सगळी गंमत त्याच्या मालकीची आहे.

काठीकडे मी बघितलं नाही. खोऱ्यात धुकं होतं, काही दिसत नव्हतं. छत्रीची घडी मी चुकीची घातली होती, ती वाकडी उघडली आणि मला कड्याकडे घेऊन गेली. सगळा दोष माझ्या बोटांचा. तुम्ही यात कुठेच नाही, म्हणून कृपा करून त्यावर विचार करू नका.

मी दगडांत पडलो होतो तेव्हा डोळे उघडले तर वरून काळ्या कोटातली माणसं वाकून बघत होती. वाटलं, आपलं दफनच चाललंय आणि माणसं वेळेआधी आली आहेत. मग ओडमुंड बोलले आणि कवळी खटखटली. इतका गोड आवाज मी ऐकलेला नाही. ते पूर्ण रस्ता मला शिव्या देत होते आणि माझ्या डोक्याखाली त्यांचा कोट होता. कोट खराब झाला. त्यांना सांगा, कवळीचं माप घ्यायला मी कुबड्यांवर येईन.

एम्ब्रिकचं वाईट वाटलं. कुंपणाशी आता कोण शिव्या देणार?

हालवार


स्कोर्गे
१० ऑक्टोबर १९८२

हालवार,

तुला खोटं लिहिता येत नाही. त्या दिवशी धुकं नव्हतं. एम्ब्रिकसाठी चर्चला जाताना आमच्या बुटांना धूळ लागली होती इतकं ऊन होतं. आणि जुलैमध्ये तूच लिहिलं होतंस की पताका बघितल्याशिवाय काठावर पाऊल ठेवत नाहीस. ते पत्र मी पुन्हा काढून वाचायला नको होतं, पाठ आहे.

म्हणून गेल्या शनिवारी मी वर गेले. लग्न होऊन या शेतावर आल्यापासून ग्रोवेगेनच्या पायथ्याशी राहतेय, माथ्यावर कधी गेले नव्हते. खालून दिसतोय तेवढा पुरे, असं वाटायचं. मेरेते ट्रॉनहाइमहून आली. तू तिला गप्प राहायला सांगितलंयस हे तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं, म्हणून मी तिला काही विचारलं नाही. ओडमुंडला मी खाली काठीपाशी उभं केलं आणि सांगून ठेवलं की निशाण आधी टोकाला चढव, मग चर्चची घंटा झाली की अर्ध्यावर आण.

काठाशी मी पोटावर झोपून गेले, मेरेते माझे घोटे धरून बसली होती. हालवार, माझं घर माझ्याच हातावर मावेल एवढं होतं. काठी दिसतच नव्हती. दिसत होता फक्त लाल ठिपका, आणि तो थरथरत, ताणून आडवा होता. खोऱ्यात वारा होता. वर माझ्या केसाची बटही हलत नव्हती.

मग घंटा झाली. ठिपका थोडा खाली आला असेल, मला कळलंही नाही. कळलं एवढंच की तो निजला. कोठाराच्या छपराखाली आला, आडोशाला गेला, आणि शांत लोंबत राहिला. वारा तोच, खोरं तेच. एवढ्या उंचीवरून पूर्ण आणि अर्धं यांतला फरक कोणालाच खात्रीने सांगता येणार नाही, तुला नाही आणि मला नाही.

आपल्याकडे माणूस मातीआड होईपर्यंत निशाण अर्ध्यावर राहतं आणि मग टोकाला जातं. त्या सकाळी मी एम्ब्रिकसाठी दोरी अर्ध्यावर बांधली आणि चर्चला गेले. आणि तुला मी पत्रात लिहिलं होतं की तुझ्या वाढदिवसाला मोठं निशाण चढवेन. तू वर आलास, तुला पताकेऐवजी लाल निशाण दिसलं. तुला वाटलं, ते तुझ्यासाठी आहे.

मी तिथेच पडून रडले. मेरेतेने घोटे सोडले नाहीत.

आता हसायचं तेही सांगते, नाहीतर हे पत्र फार जड होईल. मी वर असताना खाली ओडमुंडची दैना झाली. माझ्या काठीवर निशाण अर्ध्यावर बघून खोऱ्याने समजून घेतलं की मीच गेले. एम्ब्रिकची बायको केक घेऊन आली, पाद्री सायकलवरून आला, दूध डेअरीचा माणूस टोपी काढून अंगणात उभा राहिला. ओडमुंड सगळ्यांना सांगत होता, मेलेली नाही, वर गेलीय. हे ऐकून बायका आणखी रडायला लागल्या. मी संध्याकाळी दारात आले तर ओसरीवर माझ्या नावाने सहा केक होते.

तू लपवलंस ते मला जपण्यासाठी, कळतंय. पण मला जपू नकोस. मी दगडांच्या खोऱ्यातली बाई आहे. खरं काय ते सांग, मग मी ते उचलेन किंवा ठेवून देईन. खोटं मात्र कुठे ठेवायचं ते मला माहीत नाही.

मावशी


ट्रॉनहाइम
१ नोव्हेंबर १९८२

मावशी,

खरं आहे. सगळं तुम्ही लिहिलंत तसंच झालं.

आम्ही माथ्यावर पोचलो, मी खाली बघितलं, आणि लाल दिसलं. मेरेते म्हणाली, थोडं थांबू, निशाण जरा खाली वाटतंय. तिला तेवढंच वाटलं होतं, आणि तिचं बरोबर होतं. मी ऐकलं नाही. आम्ही लहानपणी चौथ्या मजल्यावर राहायचो. वडील जहाजावर स्वयंपाकी, आई शिवणकाम करायची. शेजारच्या बंगल्यांत मुलांचे वाढदिवस असले की निशाणं चढायची, मी खिडकीतून मोजायचो. आमच्या घराला काठीच नव्हती. तिसाव्या वर्षी, पहिल्यांदा, कोणीतरी माझ्यासाठी निशाण चढवलं होतं. तेही शांत लोंबत होतं, म्हणजे वाराही माझ्या बाजूचा. मला घाई झाली होती, मावशी. तुमच्या अंगणात जायची.

त्या काठावर मी इतका आनंदात कधीच उभा नव्हतो. हेच मला लिहिता येत नव्हतं. लिहिलं असतं तर ते तक्रारीसारखं वाचलं असतं, आणि ती तक्रार नाही. मी कोणत्याही दिवशी कड्यावर आपटलो असतो. त्या दिवशी निदान आनंदात आपटलो.

पायाचं म्हणाल तर एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड राहणार. पुन्हा उडी मारेन का, हे मला माहीत नाही. डॉक्टर नाही म्हणतात. मेरेते काहीच म्हणत नाही. तुम्हीही काही म्हणू नका, पण पताका लावणं थांबवू नका. ती बंद झाली तर मला वाटेल की घरात कोणी नाही.

तुमचा,
हालवार


स्कोर्गे
२८ ऑगस्ट १९८३

हालवार,

तुम्ही गेल्यापासून घर मोठं झालंय. उरलेला केक कोंबड्यांना घातला.

यंदा तू दारातून आलास, काठी टेकत, फुलं घेऊन, भल्या माणसासारखा. मग कुरणाच्या मधोमध, जिथे तुम्ही पहिल्यांदा माझं गवत लोळवलं होतं तिथे, निशाणाची काठी उभी बघून तू फुलं तशीच हातात धरून तिच्याभोवती एक फेरी मारलीस. कोणी हलवली, असं विचारलंस. मी म्हटलं, माणसं लावली. तेव्हा ज्याने हलवली तो शेजारी बसून केक खात होता, म्हणून तसं म्हटलं. आता खरं लिहिते, कारण आपलं तसं ठरलंय.

ओडमुंडने हलवली. मी त्याला सांगितलंही नव्हतं. बर्फ वितळून जमीन मऊ झाली त्या आठवड्यात एका सकाळी फावडं घेऊन आला, सिगुर्डची काठी उपटली, आणि कुरणात एकट्याने खड्डा खणला. कोठार, झाडं, घर, कशाचाच आडोसा नाही अशी जागा त्याने चार दिवस फिरून आधीच हेरून ठेवली होती. मी म्हटलं, बर्फात दोरीपर्यंत जाऊ कशी. तो म्हणाला, मी येऊन लावत जाईन. आणि येतो. आता निशाण टोकाला असो की अर्ध्यावर, वारा आहे तसाच दिसतो.

त्या संध्याकाळी मेरेते उडी घ्यायला वर गेली तेव्हा तू दोरीला हात लावून उभा होतास आणि तुला वाटलं, ओडमुंड घरात जाऊन बसला. तो कोठाराच्या मागे होता, दुर्बीण घेऊन. ती उतरून उभी राहिली तेव्हा त्याने दुर्बीण खोळीत घातली आणि तोंडातल्या तोंडात तिला दोन शिव्या घातल्या. अगदी एम्ब्रिकच्याच. नवी कवळी अजिबात खटखटत नाही, त्यामुळे त्या मला स्पष्ट ऐकू आल्या.

तू पुन्हा उडी घेशील की नाही, मी विचारणार नाही. रोज सकाळी दोरी ओढली जाते तेव्हा मी आधी वर कड्याकडे बघते. एवढं तुला माहीत असू दे.

आणि हे तुला सांगायचं म्हणून पत्र लिहायला बसले होते. काल ओडमुंड जेवून उठला, दारापर्यंत गेला आणि पाठमोराच म्हणाला, "मी मेलो की निशाण अर्ध्यावर लावायच्या आधी कोणालातरी वर पाठव. कोणी उभं असेल तर त्याला सांगायला, की हे तुझ्यासाठी नाही, ओडमुंडसाठी आहे, तू थांब."

मी म्हटलं, पाठवेन.

तुझी मावशी